नाकातलं पाणी आणि नळातलं औषध

(मंडळाच्या उन्हाळी शिबिरात झालेल्या पालकसभेतल्या भाषणाचा हा मजकूर. अनेक सभासदांनी मागितल्यामुळे स्मरणिकेत देत आहोत.)



या व्यासपीठावर आम्हाला आजवर दोनच कामांसाठी बोलावणं आलं आहे. चवथीच्या आधी मांडवाला तात्पुरता नळ हवा असला म्हणजे, आणि नाटकात हवालदाराला दोन वाक्यं असली म्हणजे. भाषणाची ही पहिलीच वेळ, तेव्हा सांभाळून घ्या.

बोलावण्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांना झरीवर न्यायचं ठरलं होतं. चाळीस नावं आली होती, बस सांगून झाली होती, पोह्यांचा हिशेबही झाला होता. आणि त्याच रात्री आपल्या व्हॉट्सअॅप गटावर तो संदेश फिरला. केरळात मेंदू खाणारा अमीबा आला आहे, मुलांना पाण्यात पाठवू नका, नळाचं पाणी पिऊ नका, शंभर जणांना पाठवा. सकाळपर्यंत निम्मी नावं मागे गेली. चिटणिसांचा फोन आला, ‘तुम्ही पाणीवाले. पोरांना न्यायचं की नाही ते तुम्हीच सांगा.’

आता आम्ही डॉक्टर नव्हे. सिव्हिलचा डिप्लोमा करून फोंड्याकडे पाणीपुरवठ्यात लागलो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. आमचा संबंध पाइप, पंप, टाक्या आणि क्लोरीन यांच्याशी. पण या रोगाची गंमत म्हणा, दुर्दैव म्हणा, असं आहे की डॉक्टरांच्या हातात तो जातो तेव्हा बहुतेक वेळा फार उशीर झालेला असतो. त्याच्या आधीचा सगळा भाग पाण्याचा आहे. म्हणून बोलायला उभे राहिलो.

आधी एक गोंधळ दूर करू. अमीबा म्हटलं की आपल्याकडे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतं, ‘आम्हालाही झाला होता हो, आठ दिवस गोळ्या घेतल्या.’ तो अमीबा वेगळा. तो तोंडावाटे पोटात जातो आणि आमांश करतो. आज ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्याचं नाव नेग्लेरिया फाउलेरी. हा पोटात गेला तर काहीही करत नाही. त्याची वाट नाकातून आहे. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवली तर व्हॉट्सअॅपवरचा अर्धा संदेश तिथेच खोटा ठरतो. पाणी पिऊन हा रोग होत नाही. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा जीव राहत नाही. मिरामारला किंवा कोलव्याला लाटा अंगावर घेणाऱ्यांनी याच्या भीतीने घरी बसू नये.

हा जीव गोड्या पाण्यात आणि मातीत राहतो, आणि त्याला ऊब आवडते. तळी, डबकी, संथ नदीचा डोह, खणून सोडलेले खड्डे, तळाशी गाळ साचलेल्या टाक्या, जिथे पाणी कोमट होतं आणि साचतं तिथे तो वाढतो. 46 अंशांपर्यंतची उष्णता तो सोसतो. एरवी त्याचं खाणं म्हणजे पाण्यातले जीवाणू. माणसाचा मेंदू हे त्याचं अन्न नव्हे. तो चुकून तिथे पोचतो. आपण पाण्यात सूर मारतो, बुडी घेतो, पाणी जोराने नाकात चढतं, त्या पाण्याबरोबर तो नाकाच्या वरच्या टोकाला जातो. तिथे वास ओळखणाऱ्या नसा असतात. त्या एका चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत जातात. त्याच वाटेने हा वर चढतो.

पाणी नाकात गेल्यावर साधारण पाच दिवसांत, कमीत कमी एका आणि जास्तीत जास्त बारा दिवसांत लक्षणं दिसतात. डोकं भयंकर दुखतं, ताप येतो, उलट्या होतात. मग मान ताठते, माणूस भलतंसलतं बोलू लागतो, झटके येतात. हे सगळं नेहमीच्या मेंदूज्वरासारखंच दिसतं, त्यामुळे उपचारही त्याचेच सुरू होतात. लक्षणं दिसल्यापासून आठवडाभराच्या आतच बहुतेक रुग्ण दगावतात. जगभरात शंभरातले सत्त्याण्णवहून अधिक.

हा आकडा ऐकून मागे दोन आया एकमेकींकडे बघताना दिसल्या. म्हणून दुसरा आकडाही लगेच सांगतो. अमेरिकेत याची नीट मोजदाद आहे. 1962 ते 2023 या काळात तिथे एकूण 164 रुग्ण नोंदले गेले, त्यातले चार वाचले. बासष्ट वर्षांत 164. त्या देशात दर उन्हाळ्यात कोट्यवधी माणसं तळ्यांत आणि नद्यांत उतरतात. म्हणजे रोग झाला तर भयंकर, पण होणं अतिशय दुर्मिळ. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. एकीलाच धरून बसलं की माणूस घाबरट तरी होतो, नाहीतर बेफिकीर तरी.

आता आमच्या धंद्याची गोष्ट.

या रोगाचा शोध 1965 साली ऑस्ट्रेलियात लागला. माल्कम फाउलर आणि आर. एफ. कार्टर या दोघांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचं पहिलं वर्णन छापलं. त्यातल्या फाउलर यांचंच नाव पुढे या जिवाला मिळालं. रुग्ण होते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाच्या बाजूचे. हा कोरडा मुलूख. पाणी येणार मरे नदीतून, शेकडो किलोमीटर लांब पोलादी नळातून, आणि तो नळ बराचसा जमिनीच्या वरून. डोक्यावर तिथलं ऊन. नळातलं पाणी तापायचं. जिथे क्लोरीन घातलं तिथून गावापर्यंत येईतो क्लोरीन संपून जायचं. राहायचं ते कोमट, उघडंबोडकं पाणी. पाणी स्वच्छ दिसत होतं, चवीला बरं होतं, पिऊन कोणाला काही होत नव्हतं. पण अंगणात त्याच नळीने खेळणाऱ्या पोराच्या नाकात ते गेलं की घात होता.

त्यांनी काय केलं? मोठा चमत्कार नाही केला. वाटेत ठिकठिकाणी पुन्हा क्लोरीन घालायला सुरुवात केली, पुढे जास्त काळ टिकणारं क्लोरामाइन वापरलं, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला जाऊन रोज मोजू लागले. 1981 नंतर दक्षिण ऑस्ट्रेलियात या रोगाच्या रुग्णाची नोंद नाही. तिथल्या पाणीवाल्यांनी, म्हणजे आमच्याच जातीच्या माणसांनी, शांतपणे एक रोग बंद केला.

आणि जिथे हे विसरलं जातं तिथे काय होतं तेही ऐका. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात 2013 साली चार वर्षांचा एक मुलगा गेला. तो कुठल्या तळ्यात गेला नव्हता. घराच्या अंगणात प्लास्टिकच्या घसरगुंडीवर बागेच्या नळीचं पाणी सोडून खेळत होता. तपास केला तर सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या नळातच तो जीव सापडला. शुद्धीकरण केलेल्या पाण्यात तो सापडण्याची त्या देशातली ती पहिली वेळ. पाणी शुद्ध करूनच सोडलेलं होतं. पण पाइपाच्या टोकाला, जिथे पाणी कमी वापरलं जात होतं आणि साचून राहत होतं, तिथे क्लोरीन जवळजवळ उरलेलंच नव्हतं. त्यानंतर त्या राज्याने नियम केला की नळाच्या शेवटच्या टोकालाही लिटरमागे किमान 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलंच पाहिजे.

आपल्या भारतीय मानकातही उरलेल्या क्लोरीनचा आकडा आहे. ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम, आणि साथीचा धोका असेल तेव्हा 0.5. आमच्या भाषेत पॉइंट टू आणि पॉइंट फाइव्ह पीपीएम. एक लिटर पाण्यात 0.2 मिलिग्रॅम म्हणजे किती, तर पन्नास लाख भागांत एक भाग. एवढाच आपला पहारेकरी. पण तो दारात उभा असला तर खूप काही बाहेर राहतं.

या पहारेकऱ्याविषयी एक अनुभव सांगतो. वीस वर्षांत आम्हाला फोन किती आले असतील याचा हिशेब नाही. पाणी येत नाही, कमी येतं, गढूळ येतं. आणि पावसाळ्यात आम्ही क्लोरीन जरा वाढवलं की हमखास, ‘काय हो, आज पाण्याला औषधाचा वास येतो. चहा पिववत नाही.’ मग वरून विचारणा होते, आणि कधीकधी आमच्यातलाच कोणीतरी कटकट नको म्हणून डोस जरा उतरवतो. हे आम्ही इथे कबूल करतो. वास येतो म्हणून तक्रार करणारे शेकडो भेटले. आज वास येत नाही, क्लोरीन संपलं आहे का, असं विचारायला आजवर एकही माणूस आला नाही.

आमच्या घरचंसुद्धा नाही. हेच आज मुख्य सांगायचं आहे.

आमचे वडील निवृत्त शिक्षक. वय चौऱ्याहत्तर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका योगशिबिरात जलनेती शिकले, तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. सकाळी साडेपाचला पितळी नेतीपात्र, कोमट पाणी, चिमूटभर मीठ. सर्दी नाही, डोकेदुखी नाही, सगळं नेतीमुळे, असं त्यांचं म्हणणं, आणि आम्ही कधी वाद घातला नाही. पूर्वी ते पाणी गॅसवर तापवायचे. गच्चीवर काळी प्लास्टिकची टाकी बसवल्यापासून त्यांच्या ध्यानात आलं की मार्च ते मे नळच कोमट पाणी देतो. मग गॅस कशाला जाळायचा? नळाखाली पात्र धरलं की झालं. काटकसरी माणूस. घरात सगळ्यांना याचं कौतुकच होतं.

केरळच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा कामाच्या ओघात आम्ही या रोगाविषयी वाचत होतो. त्यात लुइझियानातलीच, पण 2011 सालची एक हकिकत मिळाली. दोन माणसं गेली. दोघंही कुठे पोहायला गेली नव्हती. दोघंही घरी नाक धूत होती, आपल्या नेतीच्याच पात्राने, नळाच्या पाण्याने. दोघांच्या घरच्या नळांत तो अमीबा सापडला. नेतीत घालतो तेवढ्या मिठाने तो लगेच मरतही नाही. शेजारच्या कराचीतही 2008 पासून असे रुग्ण आढळत आले आहेत, आणि तिथे बरेच जण नमाजाआधी वजू करताना नाकात पाणी घेणारे होते. धर्म कोणता, देश कोणता, याच्याशी त्या जिवाला काही देणंघेणं नाही. नाक आणि क्लोरीन नसलेलं कोमट पाणी, एवढं त्याला पुरतं.

ते वाचून हातपाय गार पडले. दुसऱ्या दिवशी क्लोरोस्कोप घरी आणला. छोटी पेटी असते. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. जितकं पिवळं तितकं क्लोरीन. आधी मीटरजवळच्या नळाचं पाणी घेतलं. पॉइंट थ्री. बरं वाटलं. मग गच्चीच्या टाकीचं, वडील पात्र धरतात त्या न्हाणीघरातल्या नळाचं घेतलं. थेंब टाकले. हलवलं. थांबलो. पुन्हा टाकले. पाणी जसंच्या तसं. शून्य.

वर जाऊन टाकीचं झाकण काढलं. झाकण कधीचं तडकलेलं. तळाशी चांगला बोटभर गाळ. शेवटची साफ कधी केली होती ते घरात कोणालाच आठवेना. वडील शिडीच्या खाली उभे होते. सगळा प्रकार कळल्यावर म्हणाले, ‘गावभर पाण्याची परीक्षा घेत फिरतोस, आणि घरचाच विद्यार्थी नापास?’

त्यावर काय बोलणार? आमच्या टाकीत तो अमीबा होता असं आम्ही म्हणत नाही. पण पहारेकरी नव्हता, एवढं नक्की. आम्ही खात्याकडून घराच्या दारापर्यंत पाणी सांभाळून आणतो, आणि दारातून गच्चीवर चढवून, उन्हात तापवून, गाळावर ठेवून, त्यातला पहारेकरी स्वतःच्या हाताने काढून टाकतो. ऑस्ट्रेलियातल्या त्या शेकडो किलोमीटर नळाला जे झालं, ते आपण दहा मीटरच्या पाइपात आणि हजार लिटरच्या टाकीत करतो.

आता केरळविषयी. केरळ आपल्याला परका नाही. तोच किनारा, तोच जांभा दगड, तोच पाऊस, घराघराला विहीर आणि देवळापुढे तळी. तिथे या रोगाची पहिली नोंद 2016 साली झाली. नंतर अधूनमधून एखादा रुग्ण. 2024 मध्ये एकदम 36 रुग्ण आणि 9 मृत्यू, आणि 2025 मध्ये रुग्णांची संख्या शंभराच्या पुढे गेली. सगळे पोहणारे नव्हते. काहींचा संबंध घरच्या विहिरीशी, अंघोळीच्या पाण्याशी लागला. सगळ्यांना नेग्लेरियाच झाला होता असंही नाही. अकँथअमीबा नावाचा त्याचा एक संथ भाऊबंद आहे. तो आठवडे-महिने घेतो आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झाली आहे अशांना जास्त गाठतो.

पण त्या आकड्यांत एक दिलाशाची गोष्ट आहे आणि तीच व्हॉट्सअॅपवर येत नाही. जगात शंभरातले तीन वाचायचे, तिथे केरळात पुष्कळ रुग्ण वाचले. 2024 च्या जुलैमध्ये कोळिकोड जिल्ह्यातला चौदा वर्षांचा मुलगा बरा होऊन घरी गेला. याचं एक कारण रुग्णांतले सगळे नेग्लेरियाचे नव्हते हे आहे. दुसरं, तिथल्या डॉक्टरांनी मेंदूज्वराच्या रुग्णात अमीबा आहे का हे लवकर शोधायला सुरुवात केली. पाठीच्या कण्यातलं पाणी काढून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर हलणारा अमीबा दिसू शकतो. आणि तिसरं, औषधं लवकर सुरू झाली. त्यातलं एक मिल्टेफोसिन. हे औषध आपल्याच देशात 2002 साली काळाआजारासाठी, म्हणजे बिहारकडच्या गरिबांच्या रोगासाठी मंजूर झालं होतं. गरिबाच्या रोगाचं औषध दुसऱ्याच एका रोगात लेकरं वाचवू लागलं.

आणि औषधाबरोबर त्यांनी पाणी धरलं. 2025 च्या ऑगस्टअखेर राज्यभर मोहीम काढून विहिरींत क्लोरीन घातलं, टाक्या साफ करायला लावल्या. नोव्हेंबरात शबरीमलेला जाणाऱ्यांना सांगितलं, नदीत स्नान करा पण पाणी नाकात जाऊ देऊ नका. कर्नाटकानेही आपल्या यात्रेकरूंना तेच कळवलं. आपल्याकडूनही काही स्वामी दरवर्षी माळ घालून जातात, त्यांनी ऐकून ठेवावं.

आता आपण काय करायचं ते थोडक्यात सांगतो. खर्चाचं एकही नाही.

नेती करणाऱ्यांनी, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाक धुणाऱ्यांनीही, कोणताही नळ थेट वापरायचा नाही. पाणी खळखळून उकळा, मिनिटभर उकळी चालू राहू द्या, झाकून कोमट होऊ द्या, मग वापरा. फिल्टरचं पाणी आहे म्हणून उकळणं टाळू नका. आमचे वडील आता रात्रीच पाणी उकळून झाकून ठेवतात. नेती सुटलेली नाही, फक्त गॅस पुन्हा जळतो.

टाकी सहा महिन्यांतून एकदा रिकामी करून, घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीत. फराळाइतकंच ते नेमाने व्हावं. झाकण घट्ट हवं. टाकी गरजेपेक्षा मोठी असेल तर पाणी त्यात दिवसचे दिवस पडून राहतं, म्हणून लागेल तेवढंच भरा. चार दिवस गावाला जाऊन आलात तर पहिलं कोमट पाणी झाडांना सोडून द्या.

ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांच्यासाठी हिशेब सोपा आहे. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर. तीन मीटर रुंद विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर सुमारे एकवीस हजार लिटर भरतात, म्हणजे पन्नास-पंचावन्न ग्रॅम पावडर. ती आधी बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडायचं आणि कळशीने ढवळायचं. अर्ध्या तासाने पाणी वापरायला हरकत नाही. मात्र पावडर ताजी हवी. उघड्या पिशवीत वर्षभर पडलेली पावडर म्हणजे नुसता चुना. हा हिशेब जमला नाही तर आम्हाला हाक मारा.

आणि कोणाला डोकेदुखी, ताप, उलट्या एकदम सुरू झाल्या, आणि मागच्या बारा दिवसांत पाण्यात उतरणं किंवा नाक धुणं झालं असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट बघू नका. आपणहून सांगा, ‘पाण्यात उतरला होता, नाकात पाणी गेलं होतं.’ या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. घरात हे सगळ्यांना ठाऊक हवं. मुलं ताप आल्यावर झरीची गोष्ट लपवतात, कारण न सांगता गेलेली असतात. त्यांना आज सगळ्यांदेखत अभय द्या. ओरडा नंतर खाऊ दे, आधी खरं सांगू दे.

आता चिटणिसांचा प्रश्न. मुलांना झरीवर न्यायचं की नाही?

आमचं उत्तर, न्यायचं. पण बुड्या नाहीत, सूर नाहीत, एकमेकांच्या तोंडावर पाणी उडवणं नाही आणि तळाचा गाळ ढवळणं नाही. वाहत्या धारेखाली पाय सोडून बसा, मान वर ठेवून अंग भिजवा. साचलेल्या कोमट कुंडात कोणी उतरायचं नाही. ज्याला बुड्याच मारायच्या आहेत त्याने नीट क्लोरीन राखलेल्या तरणतलावात माराव्या. आणि चिरेखाणींत साचलेल्या पाण्याच्या वाटेला मात्र कोणीही, कधीही जायचं नाही. तिथे अमीबाची भीती पुढची, आधी जीव बुडून जातो. दरवर्षी वर्तमानपत्रात वाचतोच आपण. दुर्मिळ रोगाच्या नादात रोजचा धोका विसरू नये. म्हणून आम्ही म्हणतो, चाळीस मुलांमागे पोहता येणारी चार मोठी माणसं हवीत. त्यातलं एक नाव आमचं लिहून घ्या.

चार महिन्यांनी चवथ येईल. आपल्याकडे बऱ्याच घरचे गणपती तळीत नाहीतर विहिरीत विसर्जन करतात. बाप्पाला डोक्यावर घेऊन पाण्यात उतरणारे हात नेहमीचेच असतात. त्यांनी बुडी घेताना नाक चिमटीत धरावं. पोरांना काठावर उभं करून आरती म्हणायला लावावी. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी निर्माल्य काढून विहिरीत पावडर टाकावी. बाप्पा यात काही उणं मानणार नाहीत.

जाता जाता एकच मागणं. उद्यापासून कधी सकाळी नळ सोडल्यावर पाण्याला औषधाचा किंचित वास आला, तर नाक मुरडू नका. तो पहारेकरी तुमच्या घरापर्यंत चालत आला आहे असं समजा. आणि आठ-पंधरा दिवसांत कधीच वास आला नाही, तर आम्हाला फोन करा. गेली वीस वर्षं आम्ही त्या फोनची वाट बघतो आहोत.